आमच्या घरातला ‘स्मार्ट’

‘स्मार्ट’ हा शब्द आमच्या घरात कधी आला ते मला सांगता येणार नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून तो तिथं नांदत होता. आता हा शब्द कुणीही कशालाही लावतं. फोन स्मार्ट, टीव्ही स्मार्ट, आमचं अख्खं शहर स्मार्ट, आणि परवा भाजीवालीच्या नातवानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की त्यांचा नवा वजनकाटासुद्धा स्मार्ट आहे. मला उगाचच राग येतो. त्या पोराचा त्यात काही दोष नाही, पण आमच्याकडे हा शब्द फक्त माणसाच्या चेहऱ्यासाठी होता, आणि तोही सगळ्या चेहऱ्यांसाठी नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, चेहऱ्यासाठी मात्र होता. गेल्या वर्षी अक्का गेली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नवी पेठेच्या मागच्या एका गल्लीत आमच्या वडिलांचा, नानांचा, फोटो स्टुडिओ होता. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्यांत आम्ही चौघं. रस्त्याच्या अंगाला काचेचा शोकेस, त्यात नानांनी निवडून लावलेले फोटो. आत रंगवलेला पडदा, त्यावर हिरवट डोंगर आणि एक कारंजं. आणि जिन्याखाली, जिथं पूर्वी न्हाणी होती, तिथं डार्करूम. बारशाचे, मुंजीचे, परीक्षेच्या फॉर्मचे असे फोटो सगळेच स्टुडिओ काढत. आमचं नाव होतं ते स्थळासाठीच्या फोटोंना. तुळशीची लग्नं लागली की मुली यायला लागायच्या. बरोबर आई नाहीतर मामा, पिशवीत नेसायची साडी, रुमालात बांधलेली पावडरची डबी. पडद्यामागं साडी बदलायची, आरशात एकदा बघायचं, आणि स्टुलावर बसून नाना सांगतील तशी मान वळवायची. अक्कलकोटकडच्या मुली आल्या की आपसात कानडीत कुजबुजायच्या आणि नाना मध्येच त्यांच्याशी दोन शब्द कानडीत बोलले की दचकून हसायच्या. त्या हसण्यावरच नाना फोटो घेत.

फोटो न्यायला आलेला बाप पाकीट उघडायच्या आधीच विचारायचा, “कसा आलाय वं?” नानांना खोटं बोलवत नसे आणि गिऱ्हाईक दुखवणंही जमत नसे. मुलगी गोरी असली की ते मोकळ्या तोंडानं “सुंदर आलाय” म्हणत. सावळी असली की म्हणत, “स्मार्ट. एकदम स्मार्ट.” बाप खूश होऊन जाई. शहरातला फोटोवाला इंग्रजीतनं वाखाणतो म्हटल्यावर गावाकडं जाऊन तो चार लोकांत सांगतच असणार, आमची पोरगी लई स्मार्ट हाय म्हणला. त्यातली गोम फक्त आमच्या घराला ठाऊक. संध्याकाळी वर जेवायला बसलं की आई विचारायची, आज कशा होत्या मुली? नाना शेंगाच्या चटणीत तेल कालवत म्हणायचे, आज काय, सगळ्या स्मार्टच. आणि ताटात कडक भाकरी मोडून घालायला अक्काच उभी असायची. ती सावळी होती. सावळी म्हणजे सौम्य शब्दात सावळी; नानांच्या आईवर गेलेली, तुकतुकीत, गडद. मी आईवर गेले, उजळ. हे मी मिरवायला सांगत नाही, पुढं काय झालं ते कळावं म्हणून सांगते.

नाना मुळात वाईट माणूस नव्हते. तो शब्द त्यांच्या तोंडात धंद्यानं बसला होता, इतकंच. अक्काचा मॅट्रिकच्या फॉर्मचा फोटो त्यांनीच काढला. तिनं ओला प्रिंट ताटलीतून उचलून धरला आणि विचारलं, “नाना, कसा आलाय?” नाना दुसऱ्या कामात होते. मान वर न करता म्हणाले, “स्मार्ट.” अक्कानं माझ्याकडं बघितलं. नानांच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या फोटोबद्दल कुणाला काही विचारलं नाही, पण तिला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या बहिणींना या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी तिच्याकडं बघून दुसरा शब्द वापरावा असं तिला वाटत होतं, आणि तो घरातल्या माणसानं वापरला तर फारच बरं.

त्या घराचे आवाज मला अजून येतात. पहाटे गिरणीचा भोंगा, मग आईचं चटणीचं उखळ, मग खाली नाना शटर वर करायचे त्याची खरखर. पाण्याचा आवाज मात्र रोजचा नव्हता. नळाला पाणी यायचं तो दिवस आमच्याकडे सणाचा असायचा, कारण फोटो धुवायला वाहतं पाणी लागतं आणि माणसांना प्यायलाही तेच लागतं. पिंपं भरली, हंडे भरले, की मग उरल्या धारेखाली ताटल्यांत प्रिंट सोडायचे. उन्हाळ्यात तर फोटो धुवायची औषधं इतकी तापायची की निगेटिव्हवरचा थर सुटून यायचा. म्हणून नाना बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायचे आणि ताटलीभोवती तिचे तुकडे मांडायचे. उरलेला बर्फ आम्ही दोघी लिंबाच्या सरबतात घालून प्यायचो. अक्का तिच्या वाट्याचा तुकडा सरबतातून काढून गालावर फिरवायची आणि म्हणायची, “थंड वाटतं गं.” गालावरच का, हे मी कधी विचारलं नाही.

आईचं काम वर चालायचं, खिडकीशी. उतरत्या लाकडी चौकटीत काच, काचेवर निगेटिव्ह, आणि खाली ठेवलेल्या आरशातून खिडकीचा उजेड त्यातून वर यायचा. हातात शिसपेन्सिल, पॉलिश पेपरवर घासून तिचं टोक सुईसारखं केलेलं. गिऱ्हाईक याला ‘टचिंग’ म्हणायचं. आता मोबाइलवाल्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, की निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे दिसतात आणि गोरा चेहरा काळा. सावळ्या मुलीचा चेहरा निगेटिव्हमध्ये स्वच्छ, पारदर्शक असतो, उजेड त्यातून सरळ आरपार येतो. आई त्या स्वच्छ जागेवर पेन्सिलचे बारीक बारीक ठिपके भरत जायची. ठिपक्यांनी उजेड अडला की खालचा कागद तेवढा पांढरा राहायचा, आणि मुलगी फोटोत गोरी निघायची. म्हणजे मुलगी गोरी करायची तर आधी तिच्या तोंडाला काळं फासायचं. मी हे लहानपणी आईला बोलून दाखवलं होतं आणि त्याबद्दल पाठीत धपाटाही खाल्ला होता.

हात मात्र आईचा असा, की ठिपका म्हणून दिसायचा नाही. एकदाच चुकल्याचं आठवतं. माढ्याकडच्या एका मुलीच्या कपाळावर गोंदणाचं टिंब होतं, ते आईनं डाग समजून घालवून टाकलं. मुलीची आजी फोटो घेऊन परत आली, म्हणाली, “बाई, ही आमची पोर न्हाय. आमच्या पोरीला म्या स्वतः बसून गोंदलंय.” तेव्हा आईनं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि निगेटिव्हवरून हलकेच फिरवला. पेन्सिल तेवढी निघून आली आणि खालचा चेहरा जसाच्या तसा राहिला. मी तेव्हा तोंडाचा आ करून बघत होते. इतक्या तासांचं काम असं एका हातासरशी पुसता येतं, याचंच मला नवल वाटलं होतं.

अक्काचं शिक्षण चाललं होतं तोवर घरात विषय निघाला नाही. मग एका वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि नानांनी तिला खाली बोलावून स्टुलावर बसवलं. आईची जांभळी इरकली नेसवली होती. नानांनी फार वेळ घेतला. दिवे इकडचे तिकडे केले, मान वळवायला लावली, परत सरळ करायला लावली. शेवटी अक्का कंटाळून सरळ कॅमेऱ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “नाना, मी अशीच बसते. घ्या आता.” त्यांनी घेतला. निगेटिव्ह वाळल्यावर वर आली आणि आई तिच्यावर वाकून बसली ती दोन दिवस उठली नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्या मुलीवर तिनं इतकी मेहनत घेतली नसेल. प्रिंट निघाला तेव्हा नाना आईला म्हणाले, तुझ्या हाताला तोड नाही. अक्का तिथंच होती. तिनं फोटो बराच वेळ बघितला आणि मला हळूच विचारलं, “कोण गं ही?” मला हसू आलं, तिला आलं नाही.

फोटो मामांच्या हाती बार्शीला गेला. तिथल्या एका शाळेत क्लार्क असलेल्या मुलाचं स्थळ होतं, माणसं चांगली, घर खाऊनपिऊन सुखी. लगेच निरोप आला की फोटो सगळ्यांना फार आवडला, रविवारी येतो. घरात एकदम लगबग सुरू झाली. स्टुडिओ बंद ठेवायचं ठरलं, जे नाना दसऱ्यालाही करत नसत. आईनं सुशीला करायला घेतला; सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा प्रकार, वर शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. शिवाय शेंगापोळ्या. नळाचा दिवस नव्हता म्हणून शेजारून कळशी आणली. अक्कानं तीच जांभळी इरकली नेसली, कारण फोटोत तीच होती.

पाहुणे आले ते चौघं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका, जे सगळ्यांच्या वतीनं बोलत होते. भर दुपारची वेळ, खिडक्या सताड उघड्या, आणि वरच्या खोलीला उजेड भरपूर. आईच्या कामासाठीच ती खोली नानांनी निवडली होती. अक्का बशा घेऊन आली. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, फोटोकडं बघितलं, अक्काकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं. त्या बाईला मी बोल लावणार नाही. तिनं तोंड वाकडं केलं नाही की कुजकं बोलली नाही. तिनं फोटो सावकाश परत पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली, त्या चापाचा आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू आला. मग शिक्षणाचं विचारलं, शेंगापोळी अर्धी खाल्ली, पाणी छान गार आहे म्हणाली. मुलगा खाली बघून बसला होता. निघताना काका जिन्यात वळले, आईकडं आणि नानांकडं बघून हात जोडले आणि हसून म्हणाले, “मुलगी स्मार्ट आहे हो तुमची.”

बाकीच्या कुठल्याही घरात हे ऐकून माणसं आशा धरून बसली असती. आमच्या घरात सगळं तिथंच संपलं. नाना पाहुण्यांना सोडायला खाली गेले ते लवकर वर आले नाहीत. आई मोरीत बशा विसळायला लागली, भरलेल्या बशासुद्धा. अक्का पाटावर बसली, आपल्यासाठी सुशीला वाढून घेतला आणि नीट, चावून चावून खाल्ला. नाना वर आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “नाना, तुमचाच शब्द परत आला की.” त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नाना दाराला धरून उभे राहिले. मी माझ्या बापाला इतकं लहान झालेलं तोवर कधी बघितलं नव्हतं.

मग ती उठली, कपाटातल्या खोक्यातून स्वतःची निगेटिव्ह काढली आणि आईच्या चौकटीवर ठेवली. बाटली आणि कापूसही तिनंच आणून ठेवला.

“आई, पूस.”

आई हात पुसत आली. तिनं निगेटिव्हकडं बघितलं आणि मान हलवली. “पुसलं तर तुझं कसं व्हायचं?” ती म्हणाली. “असा फोटो धाडला तर कोण पायरी चढंल आपली?”

“नाही चढले तर नाही. पण चढतील ते मला बघायला चढू देत. आज ती माणसं दुसऱ्याच कुणाला तरी बघायला आली होती, आणि ती घरात नव्हती.” बाटलीचं बूच काढत ती म्हणाली, “आई, दोन दिवस माझ्या तोंडावर वाकून बसलीस तू. मी कशी दिसते ते एकदा तरी बघितलंस का?”

आई बसली. खिडकीचा उजेड आरशावरून उलटून तिच्या हनुवटीवर पडला होता, ते मला आत्ता लिहितानाही दिसतं. तिनं बोळा भिजवला आणि फिरवायला सुरुवात केली, आधी कपाळ, मग गाल. खोलीत टर्पेंटाइनचा वास भरला. कापूस करडा होत गेला आणि निगेटिव्हमधला चेहरा मोकळा होत गेला, उजेड पुन्हा त्यातून सरळ यायला लागला. आई रडत होती, पण हात नेमका फिरत होता. तो धंद्याचा हात होता. पुसून झाल्यावर ती बराच वेळ तशीच बघत राहिली. मग म्हणाली, इतक्या पोरी गोऱ्या केल्या मी, की आपली पोर आहे तशी बघायची सवयच मोडली. हे ती अक्काला म्हणाली की स्वतःला, ते मला कळलं नाही.

प्रिंट नानांनी केला. आम्ही तिघी डार्करूमच्या लाल दिव्यात दाटीवाटीनं उभ्या होतो. औषधात कागदावर आधी डोळे उमटले, मग केस, मग तो सरळ रोखून बघणारा चेहरा, गडद, तुकतुकीत, पाठीमागच्या फिकट पडद्यावर ठसठशीत. नानांनी तो उचलून धरला. अक्का त्यांच्याकडं बघत होती आणि मी अक्काकडं. आता म्हणतील, असं मला वाटलं. त्यांचे ओठ हलले. पण जो ‘सुंदर’ शब्द त्यांनी हजारदा परक्या मुलींना दिला होता, तो आपल्या मुलीला द्यायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती, आणि ‘स्मार्ट’ तर ते आता कधीच वापरणार नव्हते. त्यांनी फोटो धुतला, वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शोकेस उघडून मधल्या जागेवरचा फोटो काढून तिथं अक्काचा लावला. त्या जागेवर ते वर्षाचा सगळ्यात चांगला फोटो लावत. अक्कानं रस्त्यावर उभं राहून तो बघितला आणि वर आली. तिला थोडं मिळालं, पुरतं मिळालं नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्या फोटोपायी आमच्या आत्यानं आईशी बोलणं टाकलं होतं. लग्नाची पोर बाजारात टांगली म्हणाली, आणि तीही अशी. मामांनीही सांगून बघितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि फोटो हलवला नाही. मग एक दिवस शहराच्या पूर्व भागातली, हातमागाच्या घरातली एक मुलगी आली, आईबरोबर. तिची आई तेलुगू वळणाच्या मराठीत नानांना सांगत होती, अण्णा, पोरीला गोरं करा, जरा जास्तच करा. मुलगी सावळी होती आणि गप्प होती. फोटो काढून झाल्यावर ती दारात थांबली, शोकेसकडं बोट केलं आणि म्हणाली, “ते पोरी हाय तसा द्या माझा.” आई तिला ओढत होती तरी ती हलली नाही. त्या निगेटिव्हवर आमच्या आईनं पेन्सिल टेकवली नाही. पुढं अशा अगदी थोड्याच आल्या. बाकी सगळ्यांना गोरंच व्हायचं होतं आणि आई त्यांना करून देत राहिली, कारण घर त्यावर चालत होतं. खोटं कशाला सांगू? पण ‘स्मार्ट’ हा शब्द नानांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही. कसा आलाय विचारलं की ते म्हणायचे, “तुमच्यासारखा आलाय.” काही गिऱ्हाइकांना ते आवडत नसे.

अक्कानं डीएड केलं, अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यात शाळेवर लागली. बरीच वर्षं कुणी पायरी चढलं नाही. मग तिच्याच शाळेतल्या एका कानडी मास्तरांनी तिला सरळ विचारलं. त्यांनी फोटो मागितलाच नव्हता, रोज समोर बघत होते. माणूस मितभाषी. त्यांनी तिला कानडीत काही म्हटलं असेल तर ते त्या दोघांचं, मी कधी खोदलं नाही. तिचा संसार चांगला झाला, एक मुलगा, महेश. निवृत्तीनंतर अक्कलकोट रोडला घर बांधून राहिली. स्टुडिओ नानांच्या मागं बंद झाला. शोकेसमधला फोटो मी माझ्याकडं आणला, कडेनं थोडा पिवळा पडलाय.

गेल्या वर्षी ती गेली तेव्हा चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फलक करायला महेश मला घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेला. त्याच्या मोबाइलमध्ये तिचे शेकड्यानं फोटो होते. मी एकेक बघत गेले आणि माझं डोकं तापायला लागलं. कुठल्याच फोटोत अक्का नव्हती. नातवाच्या वाढदिवसाचा असो की गाणगापूरचा, सगळीकडं एक गोरीपान, सुरकुती नसलेली म्हातारी. महेश म्हणाला, “मावशी, मी काही केलं नाही. फोन आपोआपच करतो तसं.” मी दुकानातल्या मुलाला म्हटलं, हे पुसता येतं का? त्यानं प्रामाणिकपणे खटपट केली आणि म्हणाला, “काकू, मूळ फोटोच असा निघालाय. खाली दुसरं काही नाही.” मला आईचा करडा बोळा आठवला आणि तिथंच, महेशच्या आणि त्या परक्या पोराच्या देखत, मला रडू फुटलं. आईनं जे केलं होतं ते निदान पुसता तरी येत होतं.

घरी जाऊन तो शोकेसमधला जुना फोटो आणला. महेश नको म्हणत होता. लोक काय म्हणतील, आई सत्तरीची होती, हा विशीतला फोटो. मी म्हटलं, तुझ्या आईचा हा एकच फोटो आहे, बाकी सगळे दुसऱ्याच कुणाचे आहेत. तो बिचारा ऐकणारा आहे, ऐकलं त्यानं. फलक लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात जाऊन उभी राहिले. एमआयडीसीची पाळी सुटायची आणि भरायची वेळ, सायकली, मोटरसायकली, डबे घेऊन चाललेल्या बाया. काळ्यापांढऱ्या फोटोतून अक्का सरळ रस्त्याकडं बघत होती, नाना मान वळव म्हणत असताना बघितलं होतं तशीच. खाली तारीख, नाव, शोकाकुल म्हणून आम्ही सगळे. बहुतेक जण ओझरतं बघून पुढं जात होते.

टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाणारी एक म्हातारी थांबली. तिला वाचता येत नसावं, कारण तिनं अक्षरांकडं बघितलंच नाही, चेहऱ्याकडंच बघत राहिली. डबा या हातातून त्या हातात घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “लई देखणी व्हती की वं पोर. एवढ्या लौकर कशी गेली?” वय सांगावं, खुलासा करावा, असं काही मनातच आलं नाही.

“कुणाची म्हणायची?” तिनं विचारलं.

“नानांची,” मी म्हटलं. “फोटोवाल्या नानांची थोरली.”